चार पायांचा भुंगेरा

तिला सगळे किडेबाई म्हणत. दूधवाला, टपालवाला, कोपऱ्यावरचा औषधवाला, कुणालाच तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं आणि तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. पस्तीस वर्षं ती एकच काम करत आली होती, कीटकांची चित्रं काढायचं. संग्रहालयांच्या फलकांसाठी, संशोधकांच्या लेखांसाठी, शेतीच्या माहितीपत्रकांसाठी. शेजारणींना खिडकीत एखादा मेलेला किडा सापडला की त्या तो केरात न टाकता कागदाच्या पुडीत घालून तिच्या दाराच्या कडीला अडकवून जात. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं डोळ्यात बसवायचं भिंग तिनं लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात जे घेतलं ते परत दिलं नाही. "लोकांच्या बायका दागिने मागतात," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हिनं माझा डोळाच मागून घेतला."

स्वभाव मात्र तापट. कुणी कोळ्याला कीटक म्हटलं तरी तिचा पारा चढायचा. "आठ पाय आहेत त्याला, आठ! आणि मिशा कुठायत? दाखव मला मिशा!" असं ती समोरच्याला फैलावर घ्यायची. पाहुणा असला तरी गय नाही.

गेल्या वर्षी तिला पाठ्यपुस्तकाचं काम मिळालं. चौथीचं विज्ञान, समोरासमोरची दोन पानं, 'कीटकांचं जग'. आजवर तिची चित्रं पाहिली ती चार विद्वानांनी, तीही चष्मा पुसत पुसत. आता लाखभर मुलं पाहणार होती. तिनं आठ महिने घेतले आणि बावीस कीटक काढले. रातकिड्याचा कान त्याच्या पुढच्या पायाच्या नडगीवर असतो, तो तिनं तिथे काढला. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ, पतंगाच्या मिशा पिसासारख्या. शेणकिडा डोकं खाली करून मागच्या पायांनी गोळा ढकलणारा. आणि मधोमध तळहाताएवढा एक भुंगेरा, मुद्दाम उताणा पडलेला, म्हणजे पाय किती आणि ते कुठून फुटतात हे मुलांना नीट दिसावं. छातीचे तीन भाग, दर भागाला पायांची एक जोडी. त्या एका भुंगेऱ्यावर तिचे पाच आठवडे गेले. डोळे सुजले, मान आखडली, नवऱ्यानं तीनदा स्वतःच्या हातानं चहा करून घेतला आणि त्याचा डांगोरा आठवडाभर पिटला.

पुस्तक छापून आलं. तिची प्रत काही आली नाही. आज येईल, उद्या येईल करत तिनं दोन महिने काढले.

तिची धाकटी बहीण शाळेत शिकवायची, चौथीलाच. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, तिचे केस पांढरे झाले तरी. रविवारी दुपारी पेपर तपासायचे असले की धाकटी गठ्ठा उचलून ताईकडे यायची, कारण तिच्या स्वतःच्या घरी टीव्ही बंद व्हायचा नाही. त्या रविवारीही दोघी एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. ताई एका मुंगीची कोपरासारखी वाकलेली मिशी रंगवत होती, धाकटीचं लाल पेन भराभर चाललं होतं.

"विज्ञानाचा पेपर आहे का गं?" ताईनं विचारलं.

"हो."

"कीटकांवर प्रश्न आलाय?"

"आलाय एक," धाकटी म्हणाली आणि गठ्ठा जरा स्वतःकडे ओढला. तेवढं ताईच्या नजरेनं टिपलं. तिनं कुंचला ठेवला, हात लांब करून वरचाच पेपर उचलला.

सातवा प्रश्न. चित्रातील भुंगेऱ्याला किती पाय आहेत? पुढे एका पोरानं गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, सहा. आणि त्यावर लाल फुली.

"हे काय आहे?"

"ताई, चहा टाक ना आधी."

"सहा लिहिलंय त्यानं. तू चूक दिलंयस."

"उत्तरसूचीत चार आहे."

"कुणाच्या उत्तरसूचीत?"

"वरून आलेल्या. सगळ्या शाळांना एकच पेपर असतो, एकच सूची. मला का विचारतेस? चित्र बघ ना."

ताईनं चित्र पाहिलं. प्रश्नपत्रिकेत ते काडेपेटीएवढं करून काळं-पांढरं छापलं होतं, पण भुंगेरा तिचाच होता. आपल्या हाताची रेघ ती अंधारातसुद्धा ओळखली असती. पुढचे दोन पाय होते. मागचे दोन होते. मधली जोडी नव्हती. जिथे ते पाय फुटायचे तिथे गुळगुळीत पांढरं.

"पुस्तक," ती म्हणाली. "पिशवीत असेल तुझ्या. काढ."

धाकटीनं नाइलाजानं काढलं. रंगीत पान उघडलं तसं ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुंगेरा इथेही चारच पायांचा. शिवाय खालच्या कोपऱ्यात, तिनं न काढलेला, कुठून तरी उचलून चिकटवलेला एक जाडजूड कोळी. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात चित्रकार म्हणून तिचं नाव.

"तुझ्याकडे हे पुस्तक केव्हापासून आहे?"

"शाळा सुरू झाल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू असं करशील म्हणूनच नाही सांगितलं!"

"किती पोरांनी सहा लिहिलंय?"

धाकटीनं खालच्या आवाजात सांगितलं, बावन्नपैकी एकोणचाळीस. मागच्याच पानावर ठळक अक्षरात 'कीटकांना सहा पाय असतात' असं वाक्य होतं, ते त्यांनी पाठ केलं होतं. उरलेल्या तेरा जणांनी चित्रात मोजले होते.

"म्हणजे एकोणचाळीस पोरांना बरोबर येत होतं आणि तू बसून एकोणचाळीस फुल्या मारल्यास," ताई म्हणाली. "लहानपणी माझ्या काडेपेट्यांतले किडे कोण मोजायचं गं? तुला माहीत नव्हतं? माहीत नसतं तर मी एक शब्द बोलले नसते."

"पुढच्या वर्षी आमच्या मोठ्या बाई निवृत्त होतायत. त्यांच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलंय. तुझ्या भुंगेऱ्याच्या दोन पायांसाठी मी वरच्यांशी भांडण उकरून काढू?"

"माझ्या भुंगेऱ्याच्या नाही! भुंगेऱ्याच्या!"

"ओरडू नकोस. तुला काय जातंय? तुझे किडे मेलेले असतात, ते उलट उत्तर देत नाहीत. मला रोज बावन्न पोरं, त्यांचे आईबाप आणि वर साहेब, सगळ्यांना तोंड द्यावं लागतं."

"मग त्यांच्या तोंडावर खोटं बोल. बोलतेच आहेस."

धाकटीनं गठ्ठा उचलला. पुस्तक मात्र ताईच्या मुठीत होतं, ते तिनं मागितलं नाही. दार असं आपटलं की पुढच्या खोलीतल्या आपल्या घड्याळांच्या दुकानातून नवरा डोकावला. बायकोचं तोंड पाहून तो आल्या पावली परत गेला.

सोमवारी सकाळी ताई पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत हजर. पिशवीत पुस्तक, त्यात धाकटीनं खुणेला ठेवलेली कोरी प्रश्नपत्रिका, आणि एका पत्र्याच्या डबीत कापसावर ठेवलेला तो मूळचा भुंगेरा, ज्यावरून तिनं चित्र काढलं होतं. तिसऱ्या मजल्यावर संगणकावर पुस्तकांची पानं लावणारा तरुण बसायचा. कानात वायर, समोर दोन पडदे. त्यानं पान उघडून पाहिलं आणि ओळख पटल्याबरोबर हसला.

"हां, हे! काकू, ते मधले पाय मजकुराच्या चौकटीत शिरत होते."

"म्हणून तोडलेस?"

"तोडले नाहीत, पुसले."

"उद्या तुझे कान चौकटीत शिरले तर पुसू का?"

त्याचं हसू मावळलं. "मला कुणी सांगितलंच नाही की ते महत्त्वाचे आहेत म्हणून. दिसायला बरं दिसत होतं."

"आणि हा कोळी?"

"कोपरा रिकामा दिसत होता."

बावीस कीटक तिनं डोळ्यांत तेल घालून जमवले होते, आणि कीटकांच्या पानावर कोळी आला होता तो कोपरा भरायला. ती तशीच वळली आणि साहेबांच्या खोलीत शिरली. शिपाई "थांबा, थांबा" म्हणत मागून येईपर्यंत ती खुर्चीत बसलीसुद्धा.

साहेब शांत माणूस होते. तेच जास्त वाईट. त्यांनी पुस्तक पाहिलं, प्रश्नपत्रिका पाहिली, चष्मा काढला.

"मॅडम, प्रश्न नीट वाचा. 'चित्रातील भुंगेऱ्याला.' चित्रात किती आहेत?"

"चार. कारण तुम्ही दोन पुसलेत."

"ते वेगळं. चित्रात चार आहेत, म्हणून उत्तर चार. यात चूक कुठे आहे?"

"भुंगेऱ्यात आहे!"

"आणि तसं पाहिलं तर," साहेबांनी फोनवर काहीतरी शोधून तिच्यासमोर धरलं, "काही फुलपाखरं चार पायांची असतात. हे बघा."

"दिसतात! असत नाहीत. पुढचे दोन आखूड असतात, केसाळ, छातीशी दुमडून धरलेले. याच पानावर काढलंय मी तसं एक, वरून तिसरं. बघा, आहेत की नाहीत? नशीब, ते कुठल्या चौकटीत शिरले नाहीत."

साहेबांनी पाहिलं नाही. त्यांनी चहाचा रिकामा पेला बाजूला सारून फायली उचलल्या, बोलणं संपलं असं दाखवण्यासाठी. त्या फायलींखालून एक झुरळ निघालं आणि टेबलावरून सुसाट धावलं. साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. ताईनं तोच पेला उचलून झुरळावर पालथा घातला. झुरळ आत एक फेरी मारून थांबलं आणि एक मिशी तोंडात धरून मुळापासून टोकापर्यंत निवांत साफ करू लागलं.

"मोजा," ताई म्हणाली.

"मॅडम, हे काय चाललंय..."

"मोजा म्हणते ना! काच आहे, चावत नाही ते."

साहेबांनी मोजले असावेत, कारण त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "पण हे झुरळ आहे. चित्रात भुंगेरा आहे."

तिनं पत्र्याची डबी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. साहेबांनी ती बोटानं मागे सरकवली आणि नियम सांगितला. चित्रकाराला आक्षेप घेता येत नाही. आक्षेप घ्यायचा तर तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकानं, लेखी, शाळेमार्फत. नाहीतर पुढच्या आवृत्तीत पाहू, पाच वर्षांनी.

"आणि हे," त्यांनी पेल्याकडे बोट दाखवलं, "जाताना तेवढं..."

"ते तुमच्या कचेरीचं आहे," ताई म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी आल्यावर तिनं दातओठ खात आक्षेप लिहून काढला. दीड पान. सही करायची जागा रिकामी होती आणि ती कुणाची हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन दिवस कागद टेबलावर पडून राहिला.

"फोन कर तिला," नवरा म्हणाला.

"मी नाही करणार. तिनं करावा."

"मग राहू दे भुंगेऱ्याला लंगडा."

ती त्याच्यावर अशी डाफरली की त्या संध्याकाळी त्यानं चौथ्यांदा चहा स्वतः केला, पण या वेळी त्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. खरं म्हणजे त्यानं नेमकं दुखरं बोट दाबलं होतं. बहिणीच्या दारात जाऊन सही मागायची म्हणजे तिच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. पण राग गिळायचा की भुंगेऱ्याला लंगडा राहू द्यायचं, यात तिला निवडायला काही उरलं नव्हतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती शाळेत गेली. वर्ग रिकामा होता. धाकटी टेबलाशी बसून डबा खात होती. ताईनं वाटेत चांगलं बोलायचं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं, "मला तुझी सही हवीय."

धाकटीनं हात पुसून कागद वाचला. दुसऱ्या पानावर तिचे डोळे थांबले. "'शिक्षकांना चूक ठाऊक असूनही त्यांनी बरोबर उत्तरे चूक ठरवली.' हे माझ्याबद्दल आहे."

"हो."

"आणि यावर मीच सही करायची?"

"खरं आहे ते."

"हे वाक्य खोड, मग बघू."

"नाही खोडणार."

"ताई, आयुष्यात एकदा तरी सरळ वाकशील का गं तू?"

घंटा झाली. पोरं लोंढ्यासारखी आत घुसली आणि अनोळखी बाई पाहून जागच्या जागी थबकली. टेबलावर ताईची पत्र्याची डबी उघडीच होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी टाचा उंचावून आत पाहू लागली.

"बाई, हा पुस्तकातला का?"

कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिच्या मागे दहा डोकी जमली. मुलगी बोट हवेत धरून मोजू लागली. सहावर येऊन थांबली. पुन्हा मोजलं. मग ती डबीकडे नाही, धाकटीकडे वळून म्हणाली, "बाई, पण माझं तर चूक दिलंय तुम्ही."

"माझं पण," मागून कुणीतरी म्हणालं. आणि मग "माझं पण, माझं पण" सगळ्या वर्गभर.

ताईच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण धाकटीचं तोंड पाहून तिनं ते आवरलं. बहिणीचा चेहरा लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता, कानांपर्यंत लाल.

"बसा सगळे," धाकटी म्हणाली. "पेपर काढा. ज्यांनी सहा लिहिलंय त्यांनी रांगेनं माझ्याकडे या. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

एकोणचाळीस पोरं आली. तिनं एकेक फुली खोडली, बाजूला बरोबरची खूण केली आणि खाली आपली सही ठोकली. ताई खिडकीशी उभी होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मी चार लिहिलं होतं. मी नीट मोजलं होतं."

धाकटीनं ताईकडे पाहिलं. सबंध वर्गानं पाहिलं.

"तुला समोर जे दिलं ते तू मोजलंस," ताई त्या मुलाला म्हणाली. "मोजायला तू चुकला नाहीस. चित्र चुकलंय. ये, हे मोज."

मग तासभर डबी बाकाबाकावरून फिरली. माशीला चव पायानं कळते हे ऐकून पोरांनी शी शी केलं आणि लगेच, आणखी कुणाला कशानं काय कळतं, ते विचारलं. जाताना ताईनं कागद उचलला, तर त्यावर सही होती. वाक्य तसंच होतं, खोडलेलं नव्हतं.

"राहू दे ते," धाकटी म्हणाली. "जा आता. मला गणित घ्यायचंय."

मोठ्या बाईंनी आक्षेप पुढे पाठवला, पण आधी धाकटीला बोलावून, परवानगीशिवाय गुण बदलल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. हे कळताच ताई शाळेत जायला निघाली. नवऱ्यानं चपला लपवल्या म्हणून थांबली.

दीड महिन्यानं उत्तर आलं. सातवा प्रश्न रद्द, सर्वांना त्याचा गुण. पुस्तकासोबत वाटायला दुरुस्त चित्राचं एक सुटं पान छापणार, नमुना सोबत जोडला आहे. धाकटीनं ते पाकीट फोडलं तेव्हा ती ताईच्याच घरी होती. नमुना पाहून ती हसायला लागली, आणि मग ताईचं तोंड पाहून गप्प झाली. भुंगेऱ्याला आता सहा पाय होते. पण परत आलेले दोन पाय छातीला नव्हते. पोटातून फुटले होते, एक इकडे, एक तिकडे, होडीच्या वल्ह्यांसारखे.

"चपला कुठे आहेत?" ताईनं विचारलं.

"थांब," धाकटी म्हणाली. "मीपण येते."

तिसऱ्या मजल्यावर दोघी तरुणाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. साहेब आवाज ऐकून बाहेर आले. "आता सहा आहेत ना, मॅडम?"

"दोन पोटातून उगवलेत! तुमचा हात बेंबीतून उगवला असता तर चाललं असतं का?"

साहेब काही बोलणार होते, पण धाकटीनं पर्समध्ये जपून ठेवलेली शाळेच्या पत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. "आक्षेप माझा आहे, साहेब. शाळेमार्फत, लेखी. नियमाप्रमाणे." साहेब पत्र घेऊन आत गेले.

तरुणानं कानातली वायर काढली. "काकू, बोट ठेवा. कुठे लावू?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. त्यानं एक पाय सरकवला. "अजून वर. वर म्हणते ना! हां. आता थोडा तिरका." दुसरा पाय. अर्धा तास गेला. मध्येच तो म्हणाला, "पण सगळे छातीलाच का?"

त्या कचेरीत प्रथमच कुणी तिला काही विचारलं होतं. "कारण पायही तिथे आणि पंखही तिथे," ती म्हणाली. "हलवणारे सगळे दणकट स्नायू छातीत. पोटाकडे नुसतं पचवणं आणि अंडी."

"म्हणजे इंजिन पुढे, डिकी मागे."

"तसं समज. आणि तो कोळी काढ."

"कोपरा रिकामा राहील."

"राहू दे रिकामा!"

त्यानं काढला.

परतीच्या बसमध्ये धाकटीला खिडकीची जागा मिळाली. दोन थांबे गेल्यावर ती बाहेर बघत म्हणाली, "काल यादी लागली. मोठ्या बाईंच्या जागेवर दुसरीच कुणीतरी आहे."

ताईला समजायला क्षणभर वेळ लागला. मग ती ताडकन उठली आणि दांडा धरून ओरडली, "थांबवा! बस थांबवा! कुठे असतं ते यादीचं कार्यालय? कोण आहे तिथे?"

"ताई, बस खाली."

"का बसू? त्या भुंगेऱ्यापायी तुझं..."

"बस म्हणते ना." धाकटीनं तिचं कोपर घट्ट पकडून तिला खाली खेचलं. सगळी बस बघत होती. "मी सही केली, मला माहीत होतं काय होणार ते. आज मला दमायला झालंय. उद्या भांड."

ताई बसली. तिचा श्वास फुललेला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं की कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. धाकटीनं तिचं कोपर उतरेपर्यंत सोडलं नाही.

"उद्या किती वाजता उघडतं ते कार्यालय?" उतरताना ताईनं विचारलं.

"अकराला," धाकटी म्हणाली.